बार्शी लाइटची इंग्लंडमधली धाकटी बहीण: मॅनिफोल्ड खोऱ्यातली तीस वर्षांची रेल्वे

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड नावाची नदी आहे. तिच्या खोऱ्यातल्या काही स्टेशनांवर एकेकाळी एक कोडं दिसायचं. स्टेशनात येणारा रूळ नॅरोगेजचा, म्हणजे अडीच फुटी. पण त्याच्या बाजूला इंग्लंडच्या नेहमीच्या रुंद गेजचा, चार फूट साडेआठ इंचांचा, रुळाचा एक छोटा तुकडा टाकलेला असे. त्याच्यावर मोजक्याच वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मावायच्या. हा तुकडा कुठल्याच रुंद लाइनला जोडलेला नव्हता. सर्वात जवळची रुंद लाइन कित्येक मैल लांब. तरीही त्यावर कोळशाच्या मोठ्या वाघिणी उभ्या असायच्या.

त्या वाघिणी तिथं पोचायच्या दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून. ही युक्ती लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वेची. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड अशी सव्वाआठ मैलांची ही लाइन 27 जून 1904 ला सुरू झाली आणि 12 मार्च 1934 पासून कायमची बंद झाली. पुरती तीस वर्षंही भरली नाहीत. आपल्याला तिच्यात रस वाटायचं कारण असं की तिचा इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. कुर्डुवाडी-बार्शी लाइन बांधणारा तोच. बार्शीत जमलेलं गणित त्यानं जवळजवळ जसंच्या तसं स्टॅफर्डशायरला नेलं. बार्शी लाइट शंभर वर्षांहून जास्त चालली, आणि ही मेली. इंजिनिअर एक, गेज एक, इंजिनांचा कारखानाही एक. मग बिघडलं कुठं, हे समजायला आधी ते गणित नीट पाहावं लागतं.

एका आसावर पाच टन

कॅलथ्रॉप 1882 मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य लाइनपासून वीसेक मैल आत असलेली बार्शीची पेठ त्याच्या डोळ्यांत भरली. कापसाचा मोठा व्यापार होता आणि सगळी वाहतूक बैलगाड्यांवर. त्यानं 1895 मध्ये लंडनला कंपनी काढली आणि 1897 मध्ये बार्शीला गाडी पोचवली.

त्याचा मुख्य मुद्दा असा. रूळ किती जाड हवेत, हे गाडीच्या एकूण वजनावरून ठरत नाही. एका आसावर, म्हणजे चाकांच्या एका जोडीवर, किती भार येतो यावरून ठरतं. समजा डब्यांचा भार आसामागे तीन टन आहे आणि इंजिनाचा दहा टन. मग सगळी लाइन दहा टनांच्या हिशेबानं बांधावी लागते. रूळ जाड, पूल भक्कम, खडी जास्त. एवढा खर्च होतो तो एकट्या इंजिनासाठी. बाकीची गाडी त्या मजबुतीचा काहीच उपयोग करत नाही.

कॅलथ्रॉपनं नियम केला की इंजिन असो, उतारूंचा डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार नको. आणि वाघिणी मात्र या मर्यादेपर्यंत ठासून भरता आल्या पाहिजेत. चार आसांच्या बोगी वाघिणीचं वजन मालासकट 20 टनांपर्यंत चालतं. (बोगी म्हणजे इथं अख्खा डबा नव्हे, तर डब्याच्या टोकाखालची चाकांची वळणारी चौकट.) वाघीण स्वतः पाच टनांत बसवली, तर माल 15 टन जातो. इंजिनाला सहा आस दिले तर 30 टनांपर्यंतचं इंजिन चालतं. एवढ्या हलक्या भाराला बार्शीवर यार्डाला 30 पौंडांचा रूळ पुरला, म्हणजे मीटरला साधारण 15 किलो. आज आपल्याकडच्या मुख्य ब्रॉडगेज लाइनींवर मीटरला 60 किलोचा रूळ असतो. त्याच्याशी ताडून पाहिलं की स्वस्ताई कुठून यायची ते कळतं.

हे सगळं कागदावर पटत नाही म्हणून बार्शीसाठी बनवलेल्या गाड्या हिंदुस्थानात रवाना होण्याआधी त्यानं लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचे रूळ टाकून लोकांना चालवून दाखवल्या. इंग्लंडमधल्या बऱ्याच जाणकारांचे डोळे तिथं उघडले.

कायद्यानं उघडलेली वाट

त्याच सुमाराला, 1896 मध्ये, ब्रिटनमध्ये लाइट रेल्वे कायदा झाला. तोपर्यंत लहानशा लाइनलाही पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा लागायचा. वकिलांचा खर्चच कंबर मोडायचा. नव्या कायद्यानं हे काम आयुक्तांच्या हुकमावर आलं. वेग कमी ठेवायचा, आणि त्या बदल्यात सिग्नल, फाटकं, उंच फलाट यांत सूट मिळवायची, असा सौदा होता. शेतीच्या भागातल्या लाइनींना सरकारी तिजोरीतून अनुदानही मिळू शकत होतं.

लीक हे रेशीम रंगवणाऱ्यांचं गाव. तिथल्या पुढाऱ्यांना मॅनिफोल्डच्या खोऱ्यात रेल्वे हवी होती. रेल्वेच्या संचालकांत सर थॉमस वॉर्डल होते. रेशीम रंगवण्यातला हा मोठा माणूस. हिंदुस्थानी टसर रेशीम रंगवायच्या पद्धतींवर त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षं घालवली आणि त्यासाठी इथं येऊनही गेले. 1899 मध्ये लाइनचा हुकूम निघाला, आणि ती चालवायचं काम नॉर्थ स्टॅफर्डशायर रेल्वेकडे आलं.

गाड्या अगदी मोजक्या होत्या. लीड्सच्या किटसन कारखान्यातली दोन इंजिनं आणि प्रेस्टनहून आलेले चार लांब बोगी डबे, फिकट पिवळ्या रंगाचे. एका इंजिनाला खुद्द कॅलथ्रॉपचं नाव होतं, दुसऱ्याला जागेवर काम पाहणाऱ्या इंजिनिअरचं, जे. बी. अर्ल. दोन्हींवर बार्शीची छाप स्पष्ट होती. पुढं भलामोठा दिवा आणि उन्हाच्या देशात शोभेल असं ड्रायव्हरच्या डोक्यावरचं छप्पर. स्टॅफर्डशायरच्या पावसात ते छप्पर कसं दिसत असेल याची कल्पना करावी.

चाकांची मांडणी मात्र बदलली होती. बार्शीच्या इंजिनाला पुढं ओढणारी आठ चाकं आणि मागं चार. मॅनिफोल्डच्या इंजिनाला पुढं दोन छोटी चाकं, मग ओढणारी सहा, मागं चार. पुढची छोटी जोडी वळणात आधी शिरते आणि मागच्या जड चाकांना वळवून घेते. नदीच्या काठाकाठानं जाणाऱ्या लाइनला याची गरज असतेच. मागच्या चार चाकांवर कोळशाचा आणि ड्रायव्हरच्या खोलीचा भार. पाणी-कोळसा इंजिनावरच असल्यानं ते उलटंही तितकंच बरं धावतं, म्हणून टोकाला इंजिन फिरवायची चकती लागत नाही. या मांडणीची टाकीवाली इंजिनं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा आली ती इथंच, तीही अडीच फुटी लाइनवर.

वाघिणीच्या पाठीवर वाघीण

नॅरोगेजचं जुनं दुखणं म्हणजे गेज बदलतो तो सांधा. रुंद गेजवरून आलेला कोळसा नॅरोगेजच्या वाघिणीत भरायचा म्हणजे फावड्यानं उपसायचा. त्यात वेळ जातो, मजुरी जाते, कोळशाचा चुरा होतो, नाजूक माल फुटतो. कुर्डुवाडीला हे काम हमालांच्या खांद्यावर चालत होतं. इंग्लंडमधली मजुरी तशी नव्हती.

म्हणून इथं वाहक वाघिणी आणल्या. युरोपातल्या नॅरोगेज लाइनींवर अशी सोय होती, ब्रिटनमध्ये मात्र ती याच लाइनवर मूळ धरू शकली. रचना अशी: दोन्ही टोकांना नॅरोगेजच्या बोगी, आणि त्यांच्यामध्ये दोन लांब पोलादी तुळया. या तुळयांमधलं अंतर रुंद गेजइतकं. त्यांच्यावर रुंद वाघिणीची चाकं बसतात. तुळया शक्य तितक्या खाली ठेवलेल्या, कारण वरचं ओझं जितकं उंच, तितकं अडीच फुटी पायावर डुलणार.

वॉटरहाउसेसला रुंद सायडिंग जिथं संपे तिथं त्याची आणि वाहक वाघिणीच्या तुळयांची उंची एक केलेली असे. वाहक वाघीण टोकाला भिडवायची, रुळाला तुळई नीट लागली का ते पाहायचं, भरलेली वाघीण ढकलत वर घ्यायची आणि चाकं हलणार नाहीत अशी जखडायची. खोऱ्यातल्या स्टेशनावर हीच कृती उलट. तिथं वाघीण उतरवून ठेवायला जागा हवी, म्हणून ते रुंद रुळाचे तुटक तुकडे. शेतकरी सवडीनं येऊन कोळसा उतरवून न्यायचा. तोवर वाहक वाघीण पुढच्या फेरीला मोकळी.

युक्ती सुबक होती, पण तिची किंमत होती. नॅरोगेज स्वस्त पडते कारण गाड्या अरुंद आणि बुटक्या असतात, त्यामुळे बोगदा लहान, डोंगरातला काप लहान, पुलाची कमान लहान. इथं तर नॅरोगेजवर बसून रुंद गेजची पूर्ण वाघीण जाणार, आणि तीही चार बोटं जास्तच उंचावरून. म्हणजे मोकळी जागा रुंद गेजपेक्षाही जास्त हवी! लाइनवरचा एकुलता एक बोगदा, स्वेन्सलीचा, 164 यार्ड म्हणजे दीडशे मीटर लांब. तो या हिशेबानं ऐसपैस खणावा लागला. तो खणायचं कारणही गंमतीचं सांगतात. शेजारच्या स्वेन्सली हॉलमध्ये राहायचे संचालक सर थॉमस वॉर्डल. रेल्वे हवी होती, पण दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसायला नको होती.

सुरुवातच लंगडी

लाइनचं एक टोक वॉटरहाउसेस. तिथपर्यंत लीकहून रुंद गेजची नवी शाखा यायची होती, आणि मग दोन्ही लाइनी तिथं भेटणार होत्या. 1904 च्या जूनमध्ये नॅरोगेज थाटात सुरू झाली तेव्हा ही शाखा तयारच नव्हती. ती आली 1905 मध्ये. मधलं वर्ष उतारूंना लीकहून वाफेवर चालणाऱ्या मोटारबसनं आणून सोडत. वाहक वाघिणी त्या काळात काय कामाच्या? वाघीण येणार कुठून? ज्या एका सोयीवर मालवाहतुकीचा सगळा भरवसा होता ती पहिलं वर्षभर नुसती उभी होती.

दुसरं टोक, ह्यूम एंड, म्हणजे मोजकी घरं. बांधकामावरच्या एका मजुराच्या तोंडी तिथं आजही एक बोल घालतात: लाइन झकास आहे, पण चालायची नाही, कारण ती कुठूनच निघत नाही आणि तिथंच जाऊन थांबते. संचालक मंडळाच्या सभांतून निघालं नसेल इतकं नेमकं निदान.

स्टेशन खाली, गाव वर

वॉटरहाउसेसहून गाडी हॅम्प्स नदीच्या कडेनं, पुन्हा पुन्हा तिला ओलांडत, बीस्टन टॉरच्या कड्यापर्यंत उतरायची. तिथं हॅम्प्स मॅनिफोल्डला मिळते. मग मॅनिफोल्डच्या काठानं वर चढत ग्रिंडन, थॉर्स केव्ह, वेटन मिल, बटर्टन, एक्टन करत ह्यूम एंड. हा सगळा चुनखडीचा मुलूख. उन्हाळ्यात दोन्ही नद्यांचं पाणी जमिनीतल्या भेगांत गडप होतं आणि खाली आयलमला पुन्हा वर येतं. कोरड्या पात्रावरून पूल, असं दृश्य दिसायचं. थॉर्स केव्हची गुहा तर स्टेशनावरूनच कड्यात आ वासलेली दिसते.

चुनखडीच्या अशा खोल घळीत गावं वसत नाहीत. ती वर, पठारावर असतात. स्टेशनाला नाव ग्रिंडन, पण ग्रिंडन गाव गाठायला घळीची उभी चढण चढायची. बटर्टनचं तेच, वेटनचंही तेच. एक्टनच्या पाटीवर वॉर्सलोचंही नाव, आणि वॉर्सलो पुन्हा टेकडीवर. बाजाराची पिशवी, अंगावर पाऊस आणि समोर तो चढ, असं चित्र डोळ्यांपुढं आणा. गावातूनच बस सुटायला लागली की स्टेशनाकडे कोण उतरेल?

इंजिनिअरच्या दृष्टीनं नदीकाठ हीच सोपी वाट होती. पठारावरून लाइन न्यायची तर चढ-उतार आणि भराव यांतच पैसा गेला असता. म्हणजे बांधायला जिथं परवडत होतं तिथं माणसं नव्हती, आणि माणसं होती तिथं बांधायला परवडत नव्हतं. डोंगराळ भागातल्या कितीतरी लहान लाइनींची हीच अडचण असते.

मालाचं काय? एक्टनच्या टेकडीत तांब्याची खाण होती. अठराव्या शतकात तिनं ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याला मोठी कमाई करून दिली होती. पण रेल्वे आली तोवर खाण बंद पडलेली. तेव्हा उरलं दूध.

दुधाचा आधार

तीस वर्षं या लाइनला खऱ्या अर्थानं कुणी पोसलं असेल तर दुधानं. त्या काळचा इंग्लंडमधला दुधाचा उभा कॅन 17 गॅलनचा, म्हणजे 77 लिटरचा. नुसतं दूधच 80 किलो भरतं, वर लोखंडी कॅनचं वजन वेगळं. म्हणजे एक कॅन क्विंटलभराचा झाला. तो उचलत नाहीत, तिरका करून कडेवर फिरवत नेतात. इथले फलाट जेमतेम सहा इंच उंच, त्यामुळे प्रत्येक कॅन गाडीत चढवायला जोर लागायचा. वॉटरहाउसेसला पुन्हा ते सगळे उतरवून रुंद गाडीत चढवायचे. दूध हा थांबणारा माल नव्हे. गाडी चुकली की नासलं.

1920 च्या सुमाराला एक्टनला दुधाचा कारखाना निघाला आणि लाइनला बरे दिवस आले. वाहक वाघिणी इथं पुन्हा कामी आल्या. रुंद गेजचं दुधाचं वाहन थेट एक्टनपर्यंत यायचं आणि भरून लंडनच्या वाटेला लागायचं. शिवाय सुटीच्या दिवशी स्टोकच्या कुंभारकामाच्या कारखान्यांतले कामगार हवापालटाला खोऱ्यात येत. त्या दिवशी चार डबे पुरत नसत, आणि एरवी सगळे चारही लागत नसत. अशा गर्दीवर रेल्वे चालत नाही. वर्षातल्या थोड्या दिवसांसाठी डबे विकत घेऊन बाकीचे दिवस ते उभे ठेवणं परवडत नाही.

लहान लाइनचं गणित

आता बार्शीशी तुलना करू. गेज बदलण्याच्या सांध्यावर जो खर्च होतो, हमाली असो की वाहक वाघिणीवर चढवणं असो, तो एकदाच होतो. पुढं माल आठ मैल जावो की दोनशे. समजा हा खर्च दहा मैल माल वाहून नेण्याइतका आहे. मग दोनशे मैलांच्या प्रवासात तो वीसातला एक भाग, म्हणजे पाच टक्के वाढ. आठ मैलांच्या प्रवासात मात्र तो मूळ भाड्याच्या दुप्पटीहून जास्त खर्च करायला लावतो. (आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेत, पण कल तोच.) स्टेशन मास्तर, इंजिनाची शेड, राखीव इंजिन यांचाही खर्च असाच बांधलेला असतो.

बार्शी लाइट हळूहळू वाढत गेली: 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. एकूण दोनशे मैलांवर. कापूस होता, आणि मुख्य म्हणजे पंढरपूर होतं. आषाढी-कार्तिकीची गर्दी तिथंही चार दिवसांचीच, पण एकादशी दर पंधरवड्याला येते आणि वारकरी टेकडीवर राहत नाही. मॅनिफोल्डला पुढं वाढायला जागाच सापडली नाही. सव्वाआठ मैलांवर जन्मली, सव्वाआठ मैलांवर संपली.

वेगाचंही तसंच. ताशी 15 मैलांची मर्यादा. कुठंही न थांबता सव्वाआठ मैल जायला 33 मिनिटं, थांबे धरले की आणखी वेळ. 1904 मध्ये घोडागाडीच्या तुलनेत हे ठीक होतं. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या लॉऱ्या स्वस्तात विकायला निघाल्या. लॉरी शेताच्या फाटकातून कॅन उचलते आणि थेट कारखान्यात उतरवते. मधे ना चढ, ना सहा इंची फलाट, ना वॉटरहाउसेसची चढउतार.

1923 मध्ये ब्रिटनच्या रेल्वे कंपन्यांची चार मोठ्या कंपन्यांत जोडणी झाली आणि ही लाइन लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेकडे गेली. हजारो मैलांच्या त्या पसाऱ्यात सव्वाआठ मैलांची बाजू घेणारं कोण असणार? 1932 मध्ये एक्टनचा दुधाचा कारखाना बंद झाला तेव्हा उरलेला आधारही गेला. शेवटची गाडी धावली शनिवारी, 10 मार्च 1934 ला. दोन्ही इंजिनं भंगारात गेली. अडीच फुटांवर चालणारी ती इंजिनं इंग्लंडात दुसरीकडे कुणी घेणारंही नव्हतं.

रूळ निघाले, वाट राहिली

रेल्वेनं रिकामी जमीन परगण्याच्या कौन्सिलला देऊन टाकली, आणि 1937 मध्ये तिथं पायवाट खुली झाली. रेल्वेच्या जागेवर पायवाट करण्याचा ब्रिटनमधला हा अगदी सुरुवातीचा प्रयोग. आज तिला मॅनिफोल्ड वे म्हणतात. डांबरी आहे आणि चढ सौम्य, कारण चढ ठरवला होता आगगाडीसाठी. सायकलीला त्रास होत नाही. ह्यूम एंडहून निघालात तर बीस्टन टॉरपर्यंत हलका उतार आणि तिथून वॉटरहाउसेसपर्यंत हलका चढ. दमायचं असेल तर शेवटी दमता येतं. वॉटरहाउसेसच्या जुन्या मालधक्क्यावर सायकली भाड्यानं मिळतात.

मधल्या एका टप्प्यात, वेटन मिलपासून स्वेन्सलीच्या बोगद्यापर्यंत, सायकलवाल्यांना जपून जावं लागतं, कारण तिथं त्याच वाटेवरून मोटारीही जातात. बार्शीच्या मापाचा बोगदा असता तर ते इतकं सहज जमलं नसतं. वाहक वाघिणीवर बसलेली रुंद वाघीण मावावी म्हणून जादा पैसे घालून तो ऐसपैस खणला होता, आणि त्याच ऐसपैसपणामुळे आता त्यातून मोटार आरामात निघते.